कासाराचं रिकामं घर

एका गावात एक कासार राहत होता. तो कधी खोटं बोलत नसे, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरूही देत नसे. बांगड्या भरून घ्यायला बाई समोर बसली, की तो आधी एकेक बांगडी उजेडात धरायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “ही घेऊ नका हो, पिचलेली आहे.” मग हळूच आजूबाजूला बघायचा, लोकांनी ऐकलं ना याची खात्री करायला. लोकांनी ऐकलेलं असायचं. त्याच्या खरेपणाचा पंचक्रोशीत बोलबाला होता, आणि तो त्याला मनापासून आवडायचा.

त्याची बायको बांगड्या भरण्यात तरबेज होती. बाईचा हात नुसता दाबून बघितला, की तिला माप कळायचं. नव्या नवरीचा हात असो की काम करून राठ झालेला, तिच्याकडून बांगडी कधी चढली हे कळतसुद्धा नसे. दोघांना मूलबाळ नव्हतं. घर मात्र ऐसपैस होतं. लांबलचक माजघर, शिसवी खांब, मोकळं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की एक लिंबोणीचं झाड होतं आणि झाडाला लागूनच ओढा वाहत होता. हा ओढा भर उन्हाळ्यातही आटत नसे. सकाळी ते दार उघडलं, की पाण्याचा आवाज आणि लिंबोणीच्या फुलांचा वास थेट चुलीपर्यंत यायचा.

पुढे दोघांचं वय झालं. कासाराचे गुडघे बाजारहाट करू देईनात. शहरात त्याच्या भाच्याचं बांगड्यांचं दुकान होतं. भाचा म्हणाला, “मामा, मामी, आता माझ्याकडे चला. दुकानात बसल्या बसल्या काम होईल.” दोघांनी विचार केला आणि घर विकायचं ठरवलं.

कासारीण नवऱ्याला म्हणाली, “अहो, मला काही नको. फक्त घर लेकुरवाळ्या माणसांना द्या. आपल्याला मूल झालं नाही. निदान या माजघरात कोणाची तरी पोरं खेळू देत.”

“देऊ की,” कासार म्हणाला.

त्यालाही अगदी तेच हवं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला दुष्ट समजाल. तो दुष्ट नव्हता, हट्टी होता.

त्या गावात घर विकण्याची एक रीत होती. विकणारा आधी घर झाडून सारवून घ्यायचा. उंबऱ्यापुढे रांगोळी काढायचा, दारं-खिडक्या सताड उघडायचा आणि चूल पेटती ठेवायचा. घर बघायला आलेल्यांना त्याच चुलीपाशी बसवून काहीतरी गरम खायला द्यायचा. येणारी माणसं पाणी प्यायची, इकडेतिकडे बघायची, आणि बसल्या जागीच त्यांचं मन ठरायचं. ही रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. फक्त कासाराला ती कधी पटली नव्हती.

“ढोंग आहे नुसतं!” तो म्हणायचा. “घर विकायचंय की जेवणावळ घालायचीय? रांगोळ्या काढायच्या, फुलं लावायची आणि माणसाला भुलवायचं. मी असलं काही करणार नाही. भिंती बघा, छप्पर बघा, पटलं तर घ्या. सामानसुमान आधी शहरात पाठवून देऊ. घर उघडंबोडकं दिसू दे. त्यात लपवाछपवी नाही.”

“अहो, पण तुम्ही बांगडी तरी अशी विकता का?” कासारणीने विचारलं. “पिचलेली असेल तर सांगता, हे खरं. पण चांगली असेल तर बाईच्या हातात चढवून दाखवता ना? नुसती दोऱ्यात ओवून टांगली तर कोण घेईल? घराचंही तसंच आहे. त्यात माणूस बसलेलं दिसल्याशिवाय ते कळत नाही.”

“बांगडी वेगळी आणि घर वेगळं,” कासार म्हणाला. आता यात वेगळं काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण एकदा बोलून गेला होता, मग माघार कशी घेणार?

सामानाची बैलगाडी भरली. पाटा गेला, पितळेची भांडी गेली, सतरंज्या गेल्या, चुलीपुढचा पाटसुद्धा गेला. कासाराने भिंतीतल्या खुंट्याही उपटून घेतल्या. आता त्या घरात स्वयंपाक होणं शक्य नव्हतं, म्हणून कासारणीने गाडीबरोबर पुढे जायचं आणि कासाराने घर विकलं जाईपर्यंत देवळात मुक्काम करायचा, असं ठरलं.

गाडीत चढताना कासारीण म्हणाली, “एक चटई ठेवलीय, ती अंथरा. कोनाड्यात दिवा लावा. आणि बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण मागचं दार तेवढं उघडं ठेवा.”

“बघू,” कासार म्हणाला.

नवऱ्याच्या ‘बघू’चं पुढे काय होतं, ते कुठल्याच बाईला सांगायला नको. गाडी नजरेआड झाली आणि कासाराने चटई गुंडाळून स्वतःच्या अंथरुणाला देवळात नेली. रिकाम्या घरात चोर शिरू नये म्हणून मागच्या दाराला आडवा अडसर ठोकून बसवला. खिडक्याही लावून घेतल्या.

काही दिवसांनी एक विणकर आणि त्याची बायको घर बघायला आली. बरोबर त्यांची तीन मुलं होती आणि बाई पोटुशी होती. कासाराला मनातून आनंद झाला. बायकोला हवी होती तशीच माणसं दारात उभी होती. त्याने कुलूप काढलं.

आत अंधार होता आणि कोंदट वास होता. थोरली मुलगी आनंदाने “आई!” म्हणून ओरडली, तर तिचा आवाज रिकाम्या भिंतींवरून घुमत परत आला. धाकटा दचकून आईच्या पदराआड लपला. खुंट्या उपटल्या होत्या तिथे भिंतीला भोकं पडली होती. भांड्यांची फळी होती तिथे ओल चढलेली दिसत होती.

कासार लगेच पुढे झाला. “हे बघा, इथं पावसात गळतं. या खांबाला खालून थोडी वाळवी आहे. स्वयंपाकघराचं छप्पर दर दोन वर्षांनी शाकारावं लागतं. मी काही लपवणार नाही.”

“फार खरे आहात तुम्ही,” विणकर म्हणाला. कासाराची मान ताठ झाली. त्याने नेहमीच्या सवयीने आजूबाजूला पाहिलं, पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

“पाणी कुठलं?” विणकराच्या बायकोने विचारलं.

“प्यायचं पाणी वेशीजवळच्या विहिरीचं,” कासार म्हणाला. ओढ्याचं नाव त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याला वाटलं, आता ओढ्याचं कौतुक केलं तर आपण घर गळ्यात मारतोय असं यांना वाटेल. त्याने ते नाव गिळून टाकलं.

बाई स्वयंपाकघरात गेली. थंड पडलेल्या चुलीपाशी जरा वेळ उभी राहिली. मग अडसर घातलेल्या दाराकडे बोट दाखवून तिने विचारलं, “हे दार कुठं उघडतं?”

“मागे,” कासार म्हणाला.

एवढंच. ‘मागे.’ एक अडसर काढायचा होता हो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसालाही जमलं असतं.

विणकराने माजघर पावलांनी मोजलं आणि म्हणाला, “माग बसेल इथं.”

“माग बसेल,” त्याची बायको हळूच म्हणाली, “पण आपण कुठं बसू? मला तर काही सुचतच नाहीये. पोरंही भ्यायलीत.”

दोघांनी कासाराला हात जोडले आणि ती निघून गेली. कासार त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्या दिवशी ते सांगूनही त्याला नेहमीसारखं बरं वाटलं नाही.

मग एक मिठाचा व्यापारी आला. त्याने खिडक्यांकडे पाहिलं नाही, चुलीकडे पाहिलं नाही. भिंतीवर हात थापटून तो म्हणाला, “रिकामंच आहे, बरं झालं. मला पोती रचायला अशीच जागा हवी होती.” घर त्याला गेलं.

कासार शहरात पोहोचला तेव्हा कासारीण पाणी घेऊन समोर आली. “दिलंत घर? कोणाला? पोरं किती आहेत त्यांना?”

कासार पाणी पीत राहिला. भांडं रिकामं झालं तरी त्याने ते तोंडापासून काढलं नाही. शेवटी म्हणाला, “मिठाची पोती ठेवणार आहे तो.”

कासारणीने त्याच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. ती भांडणारी बाई नव्हती. भांडली असती तर कासाराला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी त्या गावात जत्रा भरली. भाच्याने दोघांना गाडीतून आणून सोडलं. बांगड्यांच्या दुकानाचं कापडी पाल ठोकायच्या आधी कासारीण एकटीच जाऊन घर बघून आली. मिठाने भिंतींचे पोपडे सुटले होते. ओल्या पोत्यांतून गळलेलं खारं पाणी मागच्या बाजूला सोडलेलं होतं, आणि लिंबोणी वाळून काडी झाली होती. ती परत आली, पदराने तोंड पुसलं आणि बांगड्या मांडायला लागली.

दुपारी एक तरुण बाई पालाशी आली. कडेवर तान्हं मूल होतं. “मावशी, साध्याच भरा, हिरव्या,” म्हणत तिने हात पुढे केला.

कासारणीने तो हात नेहमीसारखा दाबून बघितला आणि थबकली. तळव्याला घट्टे पडले होते, बोटांवर दोराने कापल्याच्या खुणा होत्या. “एवढ्याशा वयात हे काय गं पोरी?”

“पाण्याचं आहे, मावशी. आम्ही विणकर. सूत धुवायला, रंगवायला पाणी लागतंच. आमचं घर माळावरच्या गावात आहे, आणि विहीर खोल. मी ओढते, थोरली वाहून आणते. तिचा दिवस त्यातच जातो बिचारीचा.”

पालाच्या मागे कासार बांगड्या ओवत बसला होता. त्याचा हात थांबला.

“मग असल्या जागी घर का घेतलंत?” कासारणीने विचारलं.

“काय सांगू! तिथल्या बाईनं चूल पेटवून ठेवली होती. मला जवळ बसवलं, गरम भाकरी दिली. पोरं अंगणात खेळायला लागली. वाटलं, हेच आपलं घर. बाकीचं काही विचारलंच नाही. त्याच्या आधी इथलं एक घर बघितलं होतं, एका कासाराचं. माणूस देवासारखा, हो! कुठं गळतं, कुठं वाळवी, सगळं स्वतःहून सांगितलं. पण घर असं होतं, जसं काही तिथं कधी कोणी राहिलंच नाही. पोरं घाबरली. माझाही पाय आत ठरेना.”

कासारणीने शेवटची बांगडी चढवली. तिचा आवाज अगदी हळू झाला होता. “त्या घराच्या चुलीमागं एक दार होतं ना, बंद?”

“होतं.”

“ते दार उघडलं की ओढा आहे. बारमाही. चुलीपासून चार पावलांवर सूत बुडवता आलं असतं तुला.”

बाई तिच्याकडे बघतच राहिली. “तुम्हाला कसं ठाऊक?”

आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच झालं असतं. कासार गुडघ्यावर हात टेकून उठला, समोर आला आणि म्हणाला, “बाई, तो कासार मीच.”

तिने त्याला ओळखलं. ती रागावली नाही. उलट वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “मामा, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुम्ही तर सगळं खरं तेच सांगितलंत.”

आयुष्यभर कासाराला हे वाक्य ऐकायला आवडत आलं होतं. त्या दिवशी ते ऐकताना त्याला मान वर करता आली नाही. बाईने मूल सावरलं, थोरलीला हाक मारली आणि ती गर्दीत निघून गेली. पाणी भरायला वेळेत घरी पोहोचायचं होतं तिला.

संध्याकाळी पाल आवरताना कासार म्हणाला, “मी त्या व्यापाऱ्याकडे जातो. घर परत मागतो. त्यांना देऊ.”

“सकाळी बघून आले मी,” कासारीण म्हणाली. “आता ते कोणालाच राहायला उपयोगाचं नाही.”

दोघं उरलेल्या बांगड्या गुंडाळायला लागली. मग कासार म्हणाला, “पण मी खोटं काही बोललो नव्हतो गं.”

“नव्हता बोललात,” कासारीण म्हणाली. “वाईट होतं ते सगळं दाखवलंत. चांगलं होतं ते कुलूप लावून ठेवलंत. ते खरं कसं झालं?”

कासाराने बांगड्यांचं गाठोडं उचललं आणि गाडीकडे चालू लागला.

तात्पर्य: घर विकताना त्यातले दोष लपवू नयेत, आणि गुणही लपवू नयेत. दारं उघडून, चूल पेटवून, तिथे कसं जगता येईल ते दाखवणं हा देखावा नाही, तोही खरेपणाचाच भाग आहे. तो टाळला, तर होणारं नुकसान टाळणाऱ्यापेक्षा इतरांनाच जास्त सोसावं लागतं.