टुमकीचं डबकं भरेना

खिडकीबाहेर होता एक कूलर. कूलरखाली होतं इवलंसं डबकं. डबक्यात राहायची टुमकी बेडकी.

एके दुपारी टुमकी उठली. बघते तर काय? डबकं आटलं! वर ऊन रणरण, खाली माती चटचट.

"माझं डबकं मी भरणारच!" टुमकी म्हणाली. आणि निघाली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

कूलरचा पंखा फिरत होता, भर्र भर्र. नुसता गरम वारा!

"कूलरदादा, कूलरदादा, ठिबक ना!
माझं डबकं भरेना!"

"मी नाही ठिबकणार! माझी वाळ्याची ताटी कोरडी. आधी ताटी भिजू दे!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"ताटीताई, ताटीताई, भीज ना!
कूलर ठिबकेना,
माझं डबकं भरेना!"

"मी नाही भिजणार!" ताटी कुरकुरली. "आधी पंपाला पाणी चढवू दे!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"पंपभाऊ, पंपभाऊ, पाणी चढव ना!
ताटी भिजेना,
कूलर ठिबकेना,
माझं डबकं भरेना!"

"घुर्र! मी नाही चढवणार! माझं नाक चोंदलंय. आधी टाकीला गाळ सोडू दे!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"टाकीमावशी, टाकीमावशी, गाळ सोड ना!
पंप पाणी चढवेना,
ताटी भिजेना,
कूलर ठिबकेना,
माझं डबकं भरेना!"

"मी नाही सोडणार! गाळ घट्ट चिकटलाय. आधी घरातल्या नभाच्या आईने मला घासायला हवं!"

टुमकी उंबरा चढून घरात गेली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"नभाची आई, नभाची आई, टाकी घास ना!
टाकी गाळ सोडेना,
पंप पाणी चढवेना,
ताटी भिजेना,
कूलर ठिबकेना,
माझं डबकं भरेना!"

आईच्या कडेवर नभा. नभाचं भोकाड, भ्याँऽऽ!

"कशी घासू गं बाई? ही खाली उतरेना! आधी नभा गप्प होऊ दे!"

"नभाबाळ, नभाबाळ, गप्प हो ना!
आई टाकी घासेना,
टाकी गाळ सोडेना,
पंप पाणी चढवेना,
ताटी भिजेना,
कूलर ठिबकेना,
माझं डबकं भरेना!"

"मी नाई गप्प! आधी गाल गाल वाला!"

गार वारा? तो तर कूलरकडे! आणि कूलर म्हणणार, आधी ताटी भिजू दे. म्हणजे फिरून तिथंच!

टुमकीची पाठ भाजत होती. पोट सुकलं होतं. पण टुमकी मागे फिरली नाही.

"आता गं काय करू? थांब, उडी मारू!"

टुणुक! फरशी गुळगुळीत. टुमकी घसरली, उताणी पडली. धप्प!

नभाने बघितलं.

पुन्हा टुणुक! पुन्हा धप्प!

नभाचं रडं अर्धंच राहिलं.

टुमकीने दम घेतला. गळा फुगवला, एवढा मोठ्ठा! डराँव! टुणुक! धप्प!

"खी खी खी!" नभा हसली. "अजून! अजून!"

नभा सरसर खाली उतरली.

"शाब्बास गं बेडके!" आई म्हणाली आणि पदर खोचून उठली. आधी कूलर बंद केला. प्लग काढला. मगच टाकीला हात लावला.

नभा गप्प झाली,
आईने टाकी घासली, खस खस खस!
टाकीने गाळ सोडला, भळ भळ भळ!
आईने नवं पाणी भरलं, प्लग लावला, बटण दाबलं, खट्!
पंपाने पाणी चढवलं, बुड बुड बुड!
ताटी भिजली, झुळ झुळ झुळ!
कूलर ठिबकला, टप टप टप!

आणि डबकं? भरलं की काठोकाठ!

टुमकीने मारली उडी. डुबुक!

घरात वाळ्याचा वास दरवळला. गार वारा सुटला. नभाचे डोळे मिटले.

टुमकी गार, नभा गार,
आपली गोष्टही गारेगार!