चित्राचं तोंड

"…एकही चित्र खोटं काढलं नाही मी. मग आई माझ्याशी बोलत का नाही?"

शर्वाणी टिपणीसने हे विचारलं ते बुधाजी आजोबांच्या पडवीत, कुडाळकडच्या एका खेड्यात. आजोबा चित्रकथी. एकेक चित्र गुडघ्यावर धरायचं, समोरच्यांना दाखवायचं आणि गाऊन कथा सांगायची, हे त्यांच्या घरचं पिढीजात काम.

शर्वाणीही चित्रांतूनच गोष्ट सांगायची, पण स्वतःची. आपल्या आयुष्यावर तिने तीन कॉमिक्स काढली होती, दोन सिनेमांच्या पटकथा लिहिल्या होत्या. बक्षिसांनी कपाट भरलं होतं, आणि बाई ते सांगायला विसरल्या नाहीत. तिसरं पुस्तक आईवर होतं. छापून आलं त्याच दिवशी तिने आईला शेजारी बसवून ते पानन् पान वाचून दाखवलं. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आईने तिचा फोन उचललेला नाही.

आजोबांनी तीच गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगायला लावली. मूळ चित्रं पिशवीत होतीच. तिने पहिलं पान गुडघ्यावर धरलं आणि ऐटीत सुरुवात केली.

"बाय, चित्र फिरला."

खरंच. बोलता बोलता पान तिच्याकडे वळलं होतं. तिने ते सरळ केलं, पुन्हा बोलू लागली…

"परत फिरला. माका नुसती पाठ दिसता."

तिसऱ्यांदा ती चिडलीच. "माझं आयुष्य आहे, आजोबा. न बघता कसं सांगू?"

आजोबांनी वाद घातला नाही. आपली चित्रांची पोथी सोडली, पहिलं चित्र गुडघ्यावर उभं केलं आणि सीतात्यागाची कथा गाऊ लागले. ऐंशीच्या घरातला आवाज, जरासा फाटका. चित्राचं तोंड तिच्याकडे होतं, त्यांना ते दिसतही नव्हतं. चौथ्या चित्रात लक्ष्मण रथ घेऊन परत निघाला होता आणि सीता रानात एकटी उभी होती.

गाणं मध्येच थांबलं.

"हय तुझो श्वास अडाकलो," आजोबा म्हणाले. "चाकाकडे बघी होतंस. सीतेकडे नाय."

शर्वाणीच्या अंगावर काटा आला. ती चाकाकडेच बघत होती, आणि ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. हजारो लोकांनी तिची पुस्तकं वाचली होती, पण इतकं निरखून तिच्याकडे आजवर कुणीच बघितलं नव्हतं. तिने नकळत हात जोडले.

तुम्हाला कसं कळलं, असं तिने हळूच विचारलं.

"माका चित्र खंय दिसता?… मी तुझ्या तोंडाकडे बघी होतंय."

आजोबांनी पोथी सावकाश बांधली.

"आता तू सांग, बाय… खंयच्या चित्राक तुझ्या आयेन मान खाली घातल्यान?"