नकाशाचा वारा

वैशाखातली भर दुपार. कालव्याकाठच्या चिंचोलीत दूध संस्थेचा नवा गोठा कसा बांधायचा, याचा निकाल आज लागायचा होता. इंजिनिअर देवस्थळीसाहेबांनी आपल्या नकाशाबरहुकूम बांधलेल्या नमुन्याच्या शेडमध्येच सभा भरवली होती. वर सलग पत्रा, आढ्याला बोटभरही फट नाही!

मथुराबाई सुतारीण उठली. बापाच्या हाताखाली शिकून तिनं पन्नास गोठ्यांची छपरं घातली होती. "साहेब, आढ्यावर वीतभर मोकळी जागा ठेवा, त्यावर पत्र्याची टोपी घाला. गरम हवा वरून निघून जाईल. नाहीतर म्हशी उकडतील, दूध आटेल!"

"बाई, तुम्ही रंधा मारा, शास्त्र मला शिकवू नका!" साहेब कडाडले. "या शेडमध्ये उकडणारच नाही!"

मग अर्धा तास ते नकाशाचे गुण गात राहिले. सभा घामाघूम झाली. साहेबांचा सदराही पाठीला चिकटला, आणि बोलता बोलता त्यांनी तोच नकाशा घडी घालून सपासप वारा घ्यायला सुरुवात केली.

मथुराबाई ताडकन उठली. "साहेब, चुकलं माझं! तुमच्या नकाशाचा वारा खरंच झकास लागतोय. फक्त एवढं सांगा, रोज दुपारी चाळीस म्हशींना तो घालायला तुम्ही स्वतः येणार, की आम्ही माणूस ठेवायचा?"

पत्रा दणाणेल असा हशा उसळला. साहेबांचा हात थबकला आणि थबकताच कपाळावरून घामाची धार लागली.

त्यांनी नकाशाची घडी उलगडली, खिशातली पेन्सिल काढली.

"किती मोकळं ठेवायचं म्हणालात, मथुराबाई?"