तातोबा सूर जुळवतो

मिरजेच्या अलीकडे एका गावात तातोबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा, म्हणून कुठे टिकायचा नाही. शेवटी बायको सगुणा म्हणाली, "आता लागाल त्या कामावर टिका. न्हाईतर मी माहेरी चालले, परत येणार न्हाई." तातोबाचा सगुणेवर फार जीव. तो घाबरला.

आधी तो तंबोरे करणाऱ्या हुसेनचाचांकडे लागला. चाचांनी सांगितलं, तारा जुळेपर्यंत खुंट्या पिळ. त्याने पिळल्या. पहिली तार तुटली. दुसरी तुटली. चारही तुटल्या तेव्हा तो थांबला. चारही सारख्याच गप्प होत्या, म्हणजे जुळल्या. चाचांनी कपाळावर हात मारला. खुंटीला हात घालण्याआधी कान लावावा, एवढं शिकवून त्याला वाटेला लावलं.

मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मेहेंदळ्यांनी त्याला ठेवून घेतलं. या रेडिओवर स्टेशन लावून ठेव, असं सांगून ते जेवायला गेले. परत येऊन बघतात तर रेडिओ खरखरतोय आणि तातोबा त्याला कान लावून बसलाय. बटणाला हात नाही. मेहेंदळे म्हणाले, "अरे, खरखर आली की इकडून तिकडे फिरवत राहायचं." तातोबाने हे मनात पक्कं धरलं. काम मात्र गेलं.

पुढे तो पोपट मिस्त्रीच्या गॅरेजात लागला. गाडी त्याला चालवता यायची. मिस्त्रीने एका जीपचं ट्यूनिंग केलं आणि चौकापर्यंत नेऊन बघ म्हणाला. चौकात इंजिन खरखरलं. तातोबाने स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायला घेतलं. जीप कुंभाराच्या माठांत शिरली. मिस्त्री धावत आला. "इंजिन गार असलं की खोकतं रं. फिरवायचं न्हाई. मागनं जोरात धक्का द्यायचा."

तेही काम गेलं तशी घरी सगुणेने लुगडी बांधायला घेतली. तातोबा रडकुंडीला आला. तेव्हा चुलत्याने मध्ये पडून एक साधं काम मिळवून दिलं. देवळात दाजीबुवांचं गाणं होतं. बुवांच्या मागे बसायचं आणि मागितलं तर पाणी द्यायचं. सगुणा पहिल्याच रांगेत येऊन बसली.

तंबोरे लागले. बुवांनी डोळे मिटले, आ केला आणि खोकले. पुन्हा आ केला, पुन्हा खोकले. तातोबा उठला. दोन्ही हातांनी त्याने बुवांना मागून जोरात धक्का दिला.

बुवा ओट्यावरून थेट खाली श्रोत्यांत गेले आणि असे ओरडायला लागले की देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली.

तातोबा सगुणेकडे बघून हसला. "आता माहेरी जाऊ नगंस. एकाच धक्क्यात सुरू झाले."