मधासारखा रस

फार मागची, म्हणजे रानात मोबाइलची रेंज नुकतीच पोचली होती तेव्हाची गोष्ट. एका चिचुंद्रीने कित्येक पावसाळे मातीत नाक खुपसून शोधून काढलं, की थोरल्या ऐनाच्या झाडाच्या मुळांवरची बुरशी आपल्या बारीक धाग्यांतून शेजारच्या रोपाला अन्न पोचवते. तिने ते जसंच्या तसं नेटवर टाकलं.

रानात कोण कशाबद्दल बोलतंय, हे मोजायचं काम साळुंकीकडे होतं. "चिचुंद्रीबाई, कुणी ढुंकूनही बघत नाही हो," ती म्हणाली. मग एका माकडाने चिचुंद्रीच्या त्या लिखाणालाच नवा मथळा चिकटवला, 'मुळांत सापडला मधासारखा रस!' आणि आकडा सरसर चढू लागला.

"असं मी कुठे लिहिलंय?" चिचुंद्री पुटपुटली.

"मग खोटं आहे म्हणून सांगू का सगळ्यांना?" साळुंकीने विचारलं.

चिचुंद्रीने पुन्हा एकदा आकड्याकडे पाहिलं. "राहू दे गं. त्या निमित्ताने बुरशीचं नाव तरी होतंय."

दुसऱ्या दिवशी रानडुकरांचा कळप आला. रसाच्या आशेने त्यांनी ऐनाखालची सगळी जमीन उकरली. चिचुंद्री धावत आली तेव्हा धागे तुटून सुकले होते आणि रोपाने मान टाकली होती.

"रस कुठाय?" तोंडाची माती झाडत एक डुक्कर म्हणालं. "तुम्हीच सांगितलंत ना?"

चिचुंद्रीला तोंड लपवायचं होतं, पण लपायची मातीच उलथलेली होती. तेवढ्यात वरून साळुंकी आनंदाने ओरडली, "बाई, अभिनंदन! आजचा आकडा आजवरचा सगळ्यांत मोठा!"