न विचारलेला प्रश्न

सत्तरी ओलांडलेल्या एका नटाने एकदा ऐन चित्रीकरणात अंगावरचा वकिलाचा काळा गाऊन उतरवला, बाकावर ठेवला आणि तो कोर्टाबाहेर निघून गेला. हे ज्यांनी पाहिले ते सगळे जागच्या जागी थिजले, कारण तो नट म्हणजे नाडगौडा मास्तर होते.

मास्तर म्हणजे शिस्त, असेच नाट्यक्षेत्रात मानले जाई. अंगात ताप असताना त्यांनी प्रयोग केले होते. एकदा पायाचे हाड मोडले असता काठी टेकत ते रंगमंचावर आले आणि प्रेक्षकांना ती काठी भूमिकेतलीच वाटली. त्यांनी अनेक नट घडवले. त्यांच्याच हाताखाली शिकलेला पुष्कर आता दिग्दर्शक झाला होता आणि आपला पहिला चित्रपट करत होता. कारखान्याला लागलेल्या आगीचा खटला हा त्याचा विषय. मालकाच्या वकिलाची भूमिका त्याने हट्टाने मास्तरांना दिली होती. त्यासाठी मास्तर कित्येक दिवस खऱ्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले होते. वकील कागद कसा धरतो, न्यायाधीशांसमोर कसा झुकतो, हे त्यांनी नव्या विद्यार्थ्यासारखे पाहून घेतले होते.

त्या दिवशी उलटतपासणीचा प्रसंग होता. आगीत भाऊ गमावलेली एक कामगार मुलगी साक्ष देते. वकील तिला नको ते प्रश्न विचारून मोडू पाहतो, ती कोसळते, तेव्हा न्यायाधीश त्याला थांबवतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, साक्षीदार या न्यायालयाच्या संरक्षणात आहे. हा प्रश्न विचारता येणार नाही." पुष्करने हे वाक्य कितीदा तरी खोडून पुन्हा लिहिले होते. त्याच्या मते सारा चित्रपट त्या एका वाक्यावर उभा होता.

मुलीची भूमिका शलाका करत होती. नवी, मेहनती, अबोल मुलगी. सकाळपासून त्या प्रसंगाचे अनेक शॉट झाले होते, पण पुष्करचे समाधान होत नव्हते. ती रडत होती, पण ते रडणे त्याला खरे वाटत नव्हते. जुन्या कोर्टाची ती इमारत उद्यापासून पाडायला घेणार होते. जे मिळवायचे ते आजच मिळवायला हवे होते.

पुढच्या शॉटआधी दिवे लागले, सगळे आपापल्या जागी उभे राहिले, तेव्हा पुष्कर मास्तरांजवळ आला आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हणाला, "मास्तर, शेवटचा प्रश्न बदलू या. तिला विचारा, ओजसचा फोन तू का उचलला नाहीस? तिला यातलं काही माहीत नाही. माहीत नसलं तरच जमेल."

ओजस हा शलाकाचा खरा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी घाटात मोटरसायकलच्या अपघातात तो गेला होता. प्राण जाण्यापूर्वी पडल्या जागेवरून त्याने बहिणीला फोन लावला होता. ती तेव्हा तालमीत होती आणि फोन तिने शिस्तीप्रमाणे बंद ठेवला होता. ही गोष्ट तिने एकदा भूमिकेविषयी बोलता बोलता पुष्करला विश्वासाने सांगितली होती. मास्तरांनाही ती पुष्करकडूनच कळली होती.

मास्तरांनी पुष्करकडे नुसते पाहिले. पुष्कर कॅमेऱ्यामागे गेला. शॉट सुरू झाला.

मास्तर त्या दिवशी असे काही बोलले की कोर्टाच्या त्या जुन्या दालनात श्वासही ऐकू येईनात. एकेक प्रश्न शांत, सभ्य आवाजात ते साक्षीदारापुढे ठेवत गेले. शलाकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. शेवटच्या प्रश्नाची वेळ आली. मास्तर एक पाऊल पुढे गेले, त्यांनी तोंड उघडले आणि ते थांबले.

बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी गळ्याचे पांढरे बँड सोडले, गाऊन उतरवला, नीट घडी करून बाकावर ठेवला आणि कोणाकडेही न पाहता ते दाराबाहेर गेले.

मास्तरांनी शॉट मोडला, ही गोष्टच कोणाच्या पचनी पडेना. शलाकाला वाटले, चूक आपलीच. ती पिंजऱ्यातून सगळ्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माझं काही चुकलं का? सर, मास्तर माझ्यामुळे गेले का?" बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि ती खरोखर, असहायपणे रडू लागली.

कॅमेरामनने डोळा न हलवता हलकेच विचारले, "चालू आहे. ठेवू का?"

पुष्कर काहीच बोलला नाही. कॅमेरा चालूच राहिला. सकाळपासून जे हवे होते ते सगळे आता समोर होते. शलाका तोंड झाकून खाली बसली तेव्हा कुठे त्याच्या तोंडून 'कट' हा शब्द निघाला.

तो धावतच बाहेर आला. मास्तर व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते.

"मास्तर, हे तुम्ही केलंत?" पुष्कर म्हणाला. "तुम्ही? मोडक्या पायाने प्रयोग करणारा माणूस शॉट मोडून जातो?"

"पाय माझा होता, पुष्कर," मास्तर म्हणाले. "तो वापरायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती."

पुष्कर खालच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "नको होतं तर आधीच नाही म्हणायचं."

"म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू? मला तो प्रश्न विचारायचा होता. शॉट इतका चांगला चालला होता की त्या एका प्रश्नाने काय होईल, हे मला दिसत होतं. शब्द ओठावर आला होता. तेव्हा मी त्या पोरीकडे पाहिलं. ती माझ्या वाक्याची वाट पाहत होती. मी तिला सांभाळून घेईन, या भरवशावर उभी होती. मला माझीच भीती वाटली. तिथून निघून जाण्यावाचून मला दुसरं काही जमलं नसतं."

मग ते सावकाश बोलू लागले.

"मी तुम्हा मुलांना वेळेवर यायला शिकवलं, पाठांतर शिकवलं, काहीही झालं तरी प्रयोग थांबवायचा नाही हे शिकवलं. त्या पोरीलाही कोणीतरी हेच शिकवलं असेल, म्हणून तर तिचा फोन बंद होता. तिने कामासाठी जे गमावलं, त्याचाच तू दगड करून तिला मारायला निघालास. कामावर निष्ठा असेल तर माणूस स्वतःला झिजवतो. तिचं दुःख ओरबाडून मिळालेला शॉट तुझ्या कष्टाचा नाही आणि माझ्याही नाही. आणि तुझ्या गोष्टीत न्यायाधीश काय म्हणतात? साक्षीदार संरक्षणात आहे. आज त्या दालनात न्यायाधीशाच्या खुर्चीवर एक नट बसला होता. थांबवण्याचा खरा अधिकार एकट्या तुझ्याकडे होता."

पुष्करने मागे वळून दालनाच्या दाराकडे पाहिले. "मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही गेल्यावर ती रडली. खूप रडली. आणि मी कॅमेरा बंद केला नाही."

मास्तरांनी मान वर केली. त्यांनाही हा धक्का होता. "मग आता मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "तिला जाऊन सांग."

पुष्कर आत गेला. शलाका अजून पिंजऱ्याच्या पायरीवर बसली होती. त्याने तिला सगळे सांगितले. कोणता प्रश्न ठरला होता, मास्तर का गेले आणि कॅमेऱ्याने नंतर काय टिपले, यातले त्याने काहीही लपवले नाही.

तिचे डोळे कोरडे झाले. ती म्हणाली, "सर, ओजसचं मी तुम्हाला सांगितलं होतं. शूटिंगला नाही."

"चुकलं माझं."

"ते पुसा."

कॅमेरामन चपापून पुष्करकडे पाहू लागला. उद्यापासून ही इमारत पाडली जाईल, असा शॉट पुन्हा मिळणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. पुष्करने तिच्यासमोर ते दृश्य स्वतःच्या हाताने पुसून टाकले. शलाकाने ते पाहिले, आपली पिशवी उचलली आणि ती निघून गेली. त्या दिवशी पुढे काम झाले नाही.

काही दिवसांनी तिचा निरोप आला. ती येणार होती, पण प्रत्येक प्रश्न तिला आधी माहीत असायला हवा होता. एका सभागृहात लाकडी पिंजरा उभारून तो प्रसंग पुन्हा चित्रित झाला. मास्तर ठरल्या वेळेआधी येऊन तयार बसले होते. पहिल्या शॉटपूर्वी त्यांनी शलाकाला शेवटचा प्रश्न पुन्हा वाचून दाखवला आणि विचारले, "चालेल ना, बाळ?" तिने मान डोलावली. या वेळी ती रडली नाही. 'भाऊ आत जळत असताना तू कुठे होतीस?' हा प्रश्न आला तेव्हा तिने मास्तरांकडे सरळ पाहिले आणि ती एवढेच म्हणाली, "मी बाहेर होते. तो आत होता." मग न्यायाधीशांचे वाक्य आले. पुष्करने ते स्वतः लिहिले होते, पण त्या दिवशी ते ऐकताना त्याची मान खाली गेली.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर एका जाणकाराने त्याला विचारले, "तो प्रसंग जरा कोरडा वाटला. तिला रडवायला हवं होतं, नाही का?"

"हो," पुष्कर म्हणाला, "रडवता आलं असतं."

आपण कोणतेही काम करत असलो तरी कुठेतरी 'थांबा' म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे असतो, आणि तो वापरण्याची वेळ बहुधा काम अगदी मनासारखे चालले असतानाच येते.