चिंचोक्यांचा गड

फार फार पूर्वी एका डोंगरावर एक लहानसा गड होता, आणि त्या गडावर एक भित्री किल्लेदारीण राहत होती. भित्री म्हणजे किती? मांजराने भांडं पाडलं तरी ती आधी तान्ह्या लेकीचा पाळणा बघायची, मग दाराची कडी, मग चूल; आणि तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

दुपारची कामं उरकली की सासूबाई तिला डाव खेळायला बसवत. जमिनीवर कोळशाने गड काढायचा. त्याला तीन बाजू. सुनेकडे मूठभर चिंचोके, ते तिचे शिपाई. सासूबाई गनीम. त्या प्रत्येक बाजूला एकेक वाटी पालथी घालत. त्यांची सगळी फौज एकाच वाटीखाली दडलेली असे, बाकीच्या दोन नुसत्या पोकळ. नियम एकच होता: वाटेत असलेला चिंचोका मोजायचा नाही.

सासूबाई एका वाटीवर बोट ठेवत. "ही उचलू?"

सून धास्तावून सगळे चिंचोके तिकडे सरकवू लागे.

"की ही उचलू?"

चिंचोके अर्ध्या वाटेतून मागे फिरत. आणि सासूबाई तिसरीच वाटी उचलत; फौज नेमकी तिच्याखाली.

"सूनबाई, तुझे शिपाई चालून चालूनच मरतात गं! गनिमाला काही कामच ठेवत नाहीस."

सून हसायची. पण वाट्या घासताना तिला हमखास वाटायचं, खरंच आपल्यावर अशी वेळ आली तर?

वेळ आलीच. किल्लेदार बहुतेक फौज घेऊन राजाच्या मोहिमेवर गेला होता. गडावर उरले होते थोडे शिपाई आणि त्यांचा एक नाईक. एका सकाळी सगळे जागे होऊन पाहतात, तर डोंगराभोवती गनिमाचे तंबू.

या गडालाही तीनच बाजू होत्या. समोर महादरवाजा. मागे चोरदिंडी, एका माणसाने वाकून शिरावं एवढी. आणि खालच्या अंगाला माची. सगळ्यांची घरं, गोठे, परसबागा माचीवरच होत्या. किल्लेदाराचं घरही तिथेच. माचीवरून वर यायचं तर महादरवाजातूनच यावं लागे.

आधी माचीखाली ढोल वाजले. "नाईक, माचीवर धावा!" किल्लेदारीण ओरडली. शिपाई पायऱ्या उतरून माचीवर पोचतात न पोचतात, तोच चोरदिंडीकडून धूर दिसला. "मागे! मागे चला!" ते धापा टाकत वर आले, तोवर महादरवाजासमोर आरोळ्या उठल्या. सूर्य डोक्यावर येईस्तोवर हेच चाललं. तिच्या कडेवरची लेक रडून रडून थकली होती. आईच्या छातीतली धडधड त्या पोरीलाही जाणवत असणार.

तेवढ्यात चोरदिंडीचं दार करकरलं. बाहेरून कोणी पहारीने उचकटत होतं, आणि दारापाशी आपला एकच शिपाई होता. त्याने खांदा लावून दार कसंबसं धरलं. फटीतून आलेल्या भाल्याने त्याचा दंड फाटला.

"बाकीचे कुठे आहेत?" किल्लेदारीण किंचाळली.

बाकीचे पायऱ्यांवर होते. कोणी वर येत होता, कोणी खाली जात होता, कोणी गुडघ्यांवर हात टेकून नुसताच धापा टाकत होता. सगळे होते, आणि कुठेच नव्हते.

वाटेत असलेला चिंचोका मोजायचा नाही.

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग ती म्हणाली, "नाईक, माची सोडा. माणसं, गुरं सगळी वर घ्या. आणि घराघरातली जाती उचलून आणा. दोघांनी तोवर दाराला खांदा द्या, आणि चोरदिंडी जात्यांनी बुजवून टाका."

"जाती?" नाईक बघतच राहिला. "बाईसाहेब, गडावरच्या बायका मला जिवंत ठेवतील का?"

सासूबाई पुढे झाल्या. "अगं, माझा जन्म गेला त्या घरात. तू एका शब्दात सोडलंस?"

"माझंही घर तेच आहे, सासूबाई. पाळणासुद्धा तिथेच आहे."

"मग?"

"पाळणा जाऊ दे. पाळण्यातली माझ्याजवळ हवी."

सासूबाईंनी पदर खोचला. त्या पायऱ्या उतरल्या आणि दोन शिपायांना दरडावून पहिलं जातं स्वतःचंच उचलायला लावलं.

चोरदिंडी जात्यांनी गच्च भरली. सारे शिपाई महादरवाजावर उभे राहिले. मग रिकाम्या माचीवर गनीम शिरला आणि माची पेटली. धुरात आपापली घरं ओळखू येत होती. कोणाचं तरी विसरलेलं वासरू हंबरत होतं.

"खाली फार नाहीत ते, बाईसाहेब," नाईक कळवळून म्हणाला. "सोडा आम्हाला. एका दमात हाकलून येतो."

तिच्याही मनात तेच होतं. आपण चुकलो असलो तर? सगळ्यांची घरं आपल्या भीतीपायी जळाली असली तर? तिने लेकीला इतकं घट्ट धरलं की ती पुन्हा रडू लागली.

"कोणीही हलायचं नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते.

आणि समोरच्या झाडीतून गनिमाची खरी फौज बाहेर पडली. शिड्या, ओंडके, सगळं महादरवाजावर चालून आलं. पण आता सगळे शिपाई दारावर होते आणि वाटेत कोणी नव्हतं. वरून धोंडे सुटले, उकळतं पाणी सुटलं. गनिमाने शिड्या लावायच्या आणि पाडून घ्यायच्या, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी किल्लेदार परतत असल्याची बातमी आली आणि गनिमाने तंबू गुंडाळले.

घरं पुन्हा उभी राहिली. जात्यांच्या वरच्या-खालच्या तळ्या मात्र अशा सरमिसळ झाल्या होत्या, की कोणाची कुठली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. बेजोड तळ्या एकमेकींवर घासत, आणि वर्षभर गडावरच्या भाकरीत दगडाची कच लागत होती. बायका भांडल्या खूप, पण भाकरी कोणी टाकली नाही.

पुढे एका दुपारी सासूबाईंनी पुन्हा कोळशाने गड काढला आणि वाटीवर बोट ठेवलं. "ही उचलू?"

 सुनेचा हात चिंचोक्यांकडे गेला, आणि थांबला.

"उचला," ती म्हणाली.

वाटीखाली काहीच नव्हतं.

तात्पर्य: भीती चहूकडून हाका मारते; प्रत्येक हाकेला धावणारा वाटेतच राहतो. काय सोडायचं हे ज्याला ठरवता येतं, त्यालाच काही राखता येतं.